रूट करून देतो म्हणाला आणि अकाउंट साफ केलं

जुना अँड्रॉइड ७ चा फोन होता माझ्याकडे, दुसरं सिम त्यात, आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर यायचे. हे आधीच सांगतोय कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. १६ जीबी स्टोरेज, त्यातलं बरंचसं काढता न येणाऱ्या फालतू ॲप्सनी खाल्लेलं. म्हटलं रूट करू, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेऊ, कचरा उडवू, जमलं तर लिनिएजओएस (कंपनीच्या सिस्टीमऐवजी टाकता येणारी अँड्रॉइडवरचीच फुकट सिस्टीम) टाकू. गाईड वाचायला घेतल्या तर सगळीकडे एकच, बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा भाग, कंपनीनं कुलूप लावलेला) अनलॉक केला की फोनमधला डेटा पुसला जाणार. तिथंच कच खाल्ली.

मग एका चॅट ग्रुपवर एकजण भेटला. "भाऊ एका क्लिकमध्ये रूट, पीसी नको, डेटा अजिबात जाणार नाही, गॅरंटी." मला जे ऐकायचं होतं नेमकं तेच बोलला ना गडी. पैसे पाठवले, त्यानं एपीके, म्हणजे ॲपची फाइल, पाठवली.

आता एका क्लिकमध्ये रूट ही नुसती थाप नाही बरं का, एकेकाळी व्हायचं तसं. २०१४ चं टॉवेलरूट असंच होतं, कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातल्या, भोकातून आत शिरायचं, २०१६ ला उघड झालेलं डर्टी काऊ पण त्याच जातीचं. पण ही भोकं नंतरच्या सिक्युरिटी पॅचमध्ये बुजवली गेली आणि माझ्या फोनचा पॅच होता २०१८ चा. अबाउट फोनमध्ये तारीख ढळढळीत लिहिलेली असते, कोण बघतो.

त्यानं अननोन सोर्सेस (प्ले स्टोअरबाहेरची ॲप्स टाकू देणारं सेटिंग) चालू करायला लावलं, प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गूगलचा ॲप तपासणारा पहारेकरी, बंद करायला लावला (रूटची ॲप्स तो अडवतोच, त्यामुळे पटलं पण), मग डिव्हाइस ॲडमिनची परमिशन आणि शेवटी ॲक्सेसिबिलिटीची. इथं तरी डोकं चालायला हवं होतं, कारण ॲक्सेसिबिलिटी दिली की ते ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं, आणि रूट करायला त्याची काडीची गरज नसते. पण स्क्रीनवर टक्के पळत होते, ७०, ८०, ९५, मग हिरवी खूण, "रूट सक्सेस", आणि मी खूश.

रूट-बिट काही झालं नव्हतं. टर्मिनल ॲपमध्ये एसयू (रूटचा ताबा मागायची कमांड) टाइप केलं तर कमांडच नाही म्हणे. त्याला विचारलं तर "रिस्टार्ट करा भाऊ, उद्या होईल". तोवर त्या ॲपचा आयकॉन गायब. रात्री खात्यातून दोनदा पैसे गेले, ओटीपीचे मेसेज सकाळी इनबॉक्समध्ये सापडले, वाचलेले. मी तर झोपलो होतो!

बँकेला फोन करून खातं ब्लॉक केलं, तक्रार दिली आणि मग घाईघाईत मेलचा पासवर्ड बदलला, तो कुठून, तर त्याच फोनवरून. म्हणजे चोराच्याच समोर बसून नवीन किल्ली बनवली मी. मेल पण गेला. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून परत मिळवायला चार दिवस लागले.

ॲप काढायला गेलो तर अनइन्स्टॉलचं बटण फिकं, कारण डिव्हाइस ॲडमिन दिलेलं. सेफ मोडमध्ये फोन चालू केला, तिथं ॲडमिनची टिक काढली, तेव्हा निघालं. तरी विश्वास बसेना म्हणून नंतर फॅक्टरी रिसेट मारलाच, म्हणजे जो डेटा वाचवायला एवढं केलं तो असाही गेला.

नंतर रीतसर केलं. आधी ते सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं. सेटिंगमधलं ओईएम अनलॉकिंग चालू, फास्टबूटमधून (फोनला पीसीवरून कमांड द्यायचा मोड) बूटलोडर अनलॉक, माझ्याच बिल्ड नंबरच्या फर्मवेअरमधली, म्हणजे कंपनीच्या सिस्टीममधली, बूट इमेज (फोन सुरू करणारी फाइल) मॅजिस्क या रूट करायच्या टूलनं पॅच केली आणि फ्लॅश केली, म्हणजे फोनवर चढवली. मॅजिस्क फुकट आहे, ओपन सोर्स आहे, गिटहबवरच्या त्याच्या अधिकृत पानावरून घ्यायचं, त्याचं लायसन्स कुणी विकत असेल तर तिथूनच मागं फिरा. एक संध्याकाळ गेली सगळ्यात मिळून, त्यातला अर्धा वेळ तर यूएसबी ड्रायव्हरनं खाल्ला.

तो माणूस अजून ग्रुपवर आहे, नाव बदललंय, डीपी बदललाय, पण "डेटा अजिबात जाणार नाही" तेवढं तसंच आहे.