वन बीएचकेतला बिअरचा साठा: जुना सिंगल डोअर फ्रिज आणि एसटीसी-१००० कंट्रोलर, सोलापूरच्या उन्हात

मे महिन्यात सोलापुरात बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असतात, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वन बीएचकेत रात्रीसुद्धा खोली पस्तिशीच्या खाली यायला तयार नसते. अशा खोलीत कपाटात ठेवलेली बिअर नासत नाही, शिळी होते. बाटलीत उरलेला थोडासा ऑक्सिजन कामाला लागतो, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा, वास मरतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा प्रकार साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने होतो. म्हणजे दहा अंशांवर जी बाटली सहा महिने ताजी राहते, तिची पस्तीस अंशांवर काही आठवड्यांतच रया जाते.

शंभरेक बाटल्यांचा संग्रह कमी पैशांत सांभाळायचा तर सोलापुरात एकच जोडी आम्हाला पटते: सेकंड हँड सिंगल डोअर फ्रिज आणि त्याला बाहेरून लावलेला एसटीसी-१००० हा टेंपरेचर कंट्रोलर, जो फ्रिजची वीज तोडून-जोडून आतलं तापमान हव्या त्या आकड्यावर धरतो. फ्रिज साधारण चार ते सहा हजारांत मिळतो, कंट्रोलर पाच-सातशेत, आणि डबा, सॉकेट, वायर धरून आणखी तीन-चारशे. पाच गुणांपैकी या जोडीला चार. एक गुण का कापला ते पुढे येईल.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. बिअरही त्यात आली. एका वेळी किती साठा जवळ ठेवता येतो याची मर्यादा परवान्याला असते. फ्रिज भरायच्या आधी ती नीट वाचा आणि संग्रह त्याच मापात ठेवा.

बाकीचे पर्याय सोलापुरात का टिकत नाहीत, तेही सांगायला हवं. माळा तर विसराच. तापलेल्या स्लॅबला चिकटलेली ती घरातली सगळ्यांत गरम जागा. दिवाणाखालची फरशी त्यातल्या त्यात थंड; थंडीत, म्हणजे नोव्हेंबरपासून जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत, तिथे कॅन ठेवायला हरकत नाही, पण मार्चमध्ये ते हलवावेच लागतात. ऑनलाइन दिसणारे छोटे, बिनआवाजाचे वाइन कूलर बहुधा पेल्टियर तंत्रावर चालतात, म्हणजे त्यांत कॉम्प्रेसर नसतो. ते खोलीपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतात, म्हणजे चाळिशीच्या खोलीत वीस-पंचवीसवर अडकणार. दुकानातला काचेच्या दाराचा व्हिसी कूलर दिसतो झकास, पण काचेतून उष्णता आत येते, वीज जास्त खातो आणि बाटल्यांवर सतत उजेड पडतो. आडवा डीप फ्रीजर कंट्रोलर लावून उत्तम चालतो, थंडावाही सगळ्यांत जास्त धरतो. पण त्याचं झाकण वर उघडतं, त्यामुळे वर काही ठेवता येत नाही, आणि तळातली बाटली काढायला वरच्या चाळीस बाहेर. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याचे पिंप ज्या घरात आधीच कोपरे अडवून बसलेत, तिथे जमिनीवरची एवढी जागा परवडत नाही. सिंगल डोअर फ्रिज साधारण ५५ बाय ६५ सेंटिमीटरच्या चौकटीत उभा राहतो.

फ्रिज घेताना तो डायरेक्ट कूल (आत पंखा नसलेला, फ्रीजरच्या पेटीने गार होणारा), साध्या कॉम्प्रेसरचा हवा. इन्व्हर्टर फ्रिज नको. बाहेरचा कंट्रोलर त्याची वीज वारंवार तोडतो आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला ते मानवत नाही. बर्फ आपोआप वितळवणारा फ्रॉस्ट फ्रीही नको, कारण वीज तुटत राहिली की त्याचं डीफ्रॉस्टचं चक्र बिघडतं आणि कॉइलवर बर्फ चढत जातो. दुकानात किमान तीन तास फ्रिज चालू ठेवून बघा. फ्रीजरची पेटी सगळीकडे सारखी गार लागली पाहिजे. एकच कोपरा गार आणि बाकी कोमट असेल तर गॅस कमी आहे. पेटीच्या ॲल्युमिनियमवर एम-सीलचं ठिगळ दिसलं तर कोणीतरी सुरीने बर्फ खरवडताना भोक पाडलेलं असतं. असा फ्रिज फुकटातही घेऊ नका. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा. ती सहज सुटली तर गॅस्केट गेलं. ते बदलून मिळतं, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

किती मावतं? १९० लिटरच्या फ्रिजमधून भाजीचा डबा काढला, तर ३३० मिलीच्या छोट्या बाटल्या, म्हणजे पाइंट, एका थरात पस्तीसच्या आसपास उभ्या राहतात. तीन थर, म्हणजे शंभर. पाइंटचा व्यास साधारण ६१ मिलिमीटर आणि उंची २३ सेंटिमीटर, त्यामुळे कप्पे २४ सेंटिमीटरवर बसवा. ६५० मिलीच्या मोठ्या बाटल्या सुमारे २९ सेंटिमीटर उंच. त्यांचे दोनच थर बसतात, दारासकट पंचेचाळीस-पन्नास. ५०० मिलीचे कॅन सगळ्यांत सोयीचे: ६६ मिलिमीटर व्यास, १६८ उंची, एकावर एक दोन रचता येतात. मागे तळाशी कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, तिथे बाटली तिरकी होते. ती जागा कॅनलाच द्या. शंभर पाइंटचं वजन पंचावन्न किलोच्या घरात जातं. जाड काचेचे कप्पे ते पेलतात. जुन्या तारेच्या जाळ्या मधोमध वाकतात, त्यांच्याखाली प्लायची फळी कापून घाला, पण हवा खाली उतरायला पुढे-मागे दोन बोटं फट सोडा. बाटल्या उभ्याच ठेवायच्या. आडव्या ठेवल्या की गाळ कुशीला चिकटतो आणि हवेला लागणारा बिअरचा पृष्ठभाग वाढतो.

आता कंट्रोलर. घेताना लेबलवर २२० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा, कारण हाच कंट्रोलर १२, २४ आणि ११० व्होल्टमध्येही विकतात. जोडणी सोपी आहे, पण मेनलाइनची आहे. हात बसलेला नसेल तर वायरमनला बोलवा. पीव्हीसी डब्यात ७१ बाय २९ मिलिमीटरचा चौकोन कापून कंट्रोलर बसवायचा. त्याच्या मागच्या टर्मिनलपैकी १ आणि २ ला फेज-न्यूट्रल. ३ आणि ४ ला सेन्सर. १ वरून फेजचा तुकडा ७ ला न्यायचा, ८ वरून तो फ्रिजचा प्लग लागणाऱ्या सॉकेटच्या फेजला. न्यूट्रल आणि अर्थिंग सॉकेटला थेट. ५ आणि ६ हीटरचे, ते मोकळे सोडा. काही स्वस्त प्रतींवर आकडे पुसट असतात, म्हणून कंट्रोलरवरच्या आकृतीशी ताडून मगच वायर कसा. स्क्रू सैल राहिला की टर्मिनल तापून काळं पडतं, तेव्हा महिन्याभराने प्लग काढून एकदा पुन्हा आवळा. अर्थिंग गाळू नका. ओलसर जुन्या फ्रिजच्या पत्र्याला करंट उतरणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

सेटिंग चारच आहेत. एस बटण तीन सेकंद दाबलं की एफ१ दिसतं, वर-खाली बटणांनी पुढे जायचं, एस दाबून धरून आकडा बदलायचा आणि पॉवरचं बटण दाबून तो कायम करायचा. हे शेवटचं दाबणं राहिलं की सगळं जुन्यावर परत जातं, आणि कंट्रोलर खराब निघाला असं वाटतं. एफ१ म्हणजे हवं ते तापमान. मिश्र संग्रहाला ८, नुसत्या स्टाउट आणि बेल्जियन स्ट्राँग एल अशा जड बिअरला १२. एफ२ हा फरक: सेन्सर बाटलीला चिकटवला असेल तर १, हवेत लटकत असेल तर ३. एफ३ कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची मिनिटं. हे सरळ १० करा. वीज गेली-आली, गेली-आली असं झालं की कॉम्प्रेसर दाबाखाली सुरू व्हायला बघतो आणि मोटरचं वाइंडिंग जळतं. वीज आल्यावरही कंट्रोलर तेवढी मिनिटं थांबतो, आणि आमच्या लेखी या पाच-सातशे रुपयांची खरी किंमत याच थांबण्यात वसूल होते. एफ४ ने सेन्सरची चूक दुरुस्त करायची: पेलाभर कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घाला, सेन्सर दहा मिनिटं ढवळत ठेवा, आकडा शून्य यायला हवा, नसेल तर जेवढा फरक तेवढा एफ४ मध्ये भरा.

सेन्सर हवेत सोडला की दार उघडल्याबरोबर आकडा उडी मारतो आणि मोटर उगाच सुरू होते. बिअरची एक रिकामी बाटली पाण्याने भरून मधल्या कप्प्यात ठेवा, सेन्सर तिच्या कुशीला टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा. वायर बिजागराच्या बाजूने गॅस्केटखालून बाहेर काढायची, तिथे रबराला थोडं व्हॅसलीन. बाजूच्या पत्र्याला ड्रिल मात्र लावू नका. अनेक फ्रिजमध्ये गरम गॅसची नळी त्या पत्र्याच्या आतूनच फिरते, आणि नव्या फ्रिजमधला आर-६००ए हा गॅस ज्वालाग्राही आहे.

फ्रिजचं मूळ बटण कुठे ठेवायचं यावर दुकानदार एक सांगतात, मेकॅनिक दुसरं. ते पूर्ण थंडवर फिरवू नका, मधे ठेवा. या कंट्रोलरची सगळ्यांत मोठी खोट म्हणजे स्वस्त प्रतींमधला रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच, कधीतरी चिकटून बसतो आणि मोटर बंदच होत नाही. कापलेला गुण याचाच. पाच टक्क्यांची बिअर उणे दोन-तीन अंशांवर गोठते आणि बाटल्या तडकतात. मूळ थर्मोस्टॅट मध्यावर असला तर तो त्याआधी मोटर तोडतो. उन्हाळ्यात आकडा १४-१५ वर अडकला आणि मोटर थांबलेली दिसली, तर मूळ बटण एक घर पुढे न्या. पडद्यावर ईई आलं तर सेन्सरची वायर तुटली किंवा सुटली आहे.

भरताना घाई नको. शंभर गरम पाइंट एकदम कोंबले तर छोट्या कॉम्प्रेसरला दिवसभर अखंड पळावं लागतं. रोज वीस-पंचवीस घाला. एकदा भरलेला फ्रिज मात्र भारनियमनात उपयोगी पडतो: आतल्या पन्नास-पंचावन्न किलोंमुळे तीन तास वीज गेली तरी तापमान अंदाजे दोन-तीन अंशच चढतं. दार तेवढं उघडू नका.

विजेचा हिशेब सोपा आहे. खोली ३८ वर असताना आत ४ ऐवजी १२ ठेवले तर तापमानातला फरक ३४ वरून २६ वर येतो, म्हणजे भिंतीतून शिरणारी उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने घटते. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की पुढचा दर चढतो, त्यामुळे हा पाव हिस्सा दिसून येतो. पाठीमागच्या जाळीला भिंतीपासून चार बोटं जागा द्या आणि दर दोन महिन्यांनी ती झाडा. पश्चिमेच्या गॅलरीत फ्रिज ठेवलात तर सगळं गणित फसेल.

आठ-बारा अंशांवर चालणाऱ्या डायरेक्ट कूल फ्रिजला एक सवय असते: मोटर चालू असताना पेटीवर दव गोठतं, बंद झाली की वितळून ठिबकतं. पेटीखालचा ट्रे आठवड्याला रिकामा करा आणि तळाशी जुना सोलापुरी टर्किश टॉवेल अंथरा, तो बदलत राहा. पुठ्ठ्याचे खोके आत ठेवू नका, पावसाळ्यात त्यांना बुरशी येते आणि ती लेबलांवर चढते. ज्या बाटल्यांची लेबलं जपायची आहेत त्यांना क्लिंग फिल्मचा एक वेढा पुरतो.

फ्रिजचं दार बंद म्हणजे अंधार, हाही मोठा फायदा. उजेडाने हॉप्समधले घटक तुटून गंधकाचा उग्र दर्प तयार होतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हायनेकन-कार्ल्सबर्गची हिरवी फार कमी, कोरोनाची पारदर्शक जवळजवळ नाहीच. उन्हात ठेवलेली पारदर्शक बाटली काही मिनिटांत बिघडू शकते. म्हणून अशा बाटल्या खोक्यातूनच घरी आणा. थंड बिअर एकदा गरम होऊन पुन्हा थंड केली की बिघडते हा मात्र गैरसमज आहे. एकूण किती काळ ती उष्णतेत राहिली एवढंच मोजायचं.

आणि काय साठवायचं? लेबलवर स्ट्राँग लिहिलेली आठ टक्क्यांपर्यंतची आपली लागर मुरत नाही. ती, व्हीट आणि आयपीए छापील मुदतीच्या बऱ्याच आधी संपवा. मुरतात त्या माल्टने भरलेल्या जड बिअर: इंपीरियल स्टाउट, बार्ली वाइन, बाटलीत आंबवलेल्या बेल्जियन एल. पुण्याहून आणलेला मायक्रोब्रुअरीचा ग्राउलर (नळावरून ताजी बिअर भरून दिलेली मोठी बाटली) संग्रहात धरूच नका, दोन-तीन दिवसांत प्या. प्रत्येक झाकणावर परमनंट मार्करने मुदतीचा महिना लिहा आणि लवकर संपणारी पुढे ठेवा. लागर प्यायची असेल तर आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये हलवा, स्टाउट १२ वरून तशीच ग्लासात ओता.

ऐन मे महिन्यात फ्रिज बंद पडलाच, तर बाटल्या मोठ्या घमेल्यात उभ्या करून त्यावर ओला टॉवेल टाका, टॉवेलचं टोक पाण्यात बुडवा आणि पंखा लावा. सोलापूरच्या कोरड्या हवेत चाळिशीच्या खोलीतही पंचवीस-सव्वीसपर्यंत उतरता येतं, मेकॅनिक येईपर्यंत तेवढं पुरे. लेबलं भिजतील. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही. कंट्रोलरसाठी मात्र मेकॅनिकची वाट बघावी लागू नये, म्हणून दुसरा एसटीसी-१००० पहिल्याबरोबरच मागवा, सेटिंग भरा आणि डब्याशेजारी ठेवून द्या. बदलायला अर्धा तास लागतो.