डिझेलने खराब झालेली माती बाहेर नेऊन शुद्ध करणं: आम्ही घेतलेल्या सल्लागार सेवेबद्दल

सोलापूर रोडला आमचं ट्रान्सपोर्टचं यार्ड आहे. गाड्यांसाठी जमिनीत पुरलेली डिझेलची टाकी वडिलांच्या काळातली. ती गळत असल्याचं कळलं, आणि उतार नेमका शेजारच्या शेतातल्या विहिरीकडे. जिवाणूंकडून माती जागेवरही साफ करून घेता येते, पण त्यात निम्मं यार्ड अडकून पडलं असतं. म्हणून माती बाहेरच्या केंद्रावर नेऊन तिथे हाच उपचार करायचं ठरवलं आणि पुण्याच्या एका पर्यावरण सल्लागार फर्मला काम दिलं. त्याआधी एकजण रातोरात माती उचलून वीटभट्टीला देतो म्हणाला होता. त्याला चहाही विचारला नाही.

या फर्मचं मला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे परवानगी हातात येईपर्यंत त्यांनी जेसीबी गेटच्या आत येऊ दिला नाही. अशी माती उकरून बाहेर काढली की तिला घातक कचऱ्याचे नियम लागतात. २०१६ च्या नियमांनुसार असा कचरा आवारात साधारणपणे ९० दिवसच ठेवता येतो, आणि ऑथोरायझेशनच्या, म्हणजे असा कचरा हाताळायच्या परवानगीच्या, अर्जावर निर्णय घ्यायला प्रदूषण नियंत्रण मंडळाला १२० दिवसांची मुदत असते. आधी उकरून मग अर्ज करणारा इथेच अडकतो.

माती जिथे जाणार त्या केंद्राचं ऑथोरायझेशनही त्यांनी ओळ न् ओळ वाचलं. पहिल्या केंद्राच्या कागदावर तेलाचा गाळ होता, दूषित माती नव्हती. केंद्र जवळचं होतं, स्वस्त होतं, तरी सोडून दिलं.

मातीचे नमुने घेताना मी शेजारी उभी होते. काळी चिकट माती, ऑगरला (माती काढायच्या गिरमिटाला) लिंपून बसायची. फर्मचा मुलगा दर खड्ड्यानंतर ऑगर धुऊन पुसून घ्यायचा. काचेची बरणी काठोकाठ भरायचा, कारण वर मोकळी जागा राहिली की डिझेलमधले हलके घटक त्यात उडतात आणि आकडा खरा येत नाही. लगेच झाकण, लेबल, वेळ, सही, आणि बरणी बर्फाच्या पेटीत. यार्डात पूर्वी बॅटऱ्यांचं काम चालायचं हे ऐकून त्यांनी शिशाची तपासणीही लावली. जिवाणू डिझेल खातात, शिसं नाही. शिसं जास्त निघालं असतं तर हा मार्गच बंद झाला असता.

केंद्रावर जाऊन मातीचा ढीग पाहिला. खाली जाड प्लास्टिकचं अस्तर, मधून भोकं पाडलेले पाइप, त्यांतून ब्लोअरची हवा. काळ्या मातीत हवा शिरत नाही म्हणून बगॅस (उसाचं चिपाड) मिसळलेला, जिवाणूंना नत्र-स्फुरद मिळावं म्हणून युरिया आणि डीएपी. नियमांच्या दुसऱ्या परिशिष्टात पेट्रोलियम हायड्रोकार्बनची, म्हणजे डिझेलसारख्या तेलातल्या घटकांची, मर्यादा किलोमागे ५,००० मिलिग्रॅम आहे. चांगली माती मिसळून आकडा खाली आणायचा नाही, हे फर्मने केंद्राकडून आधीच लेखी घेतलं होतं. असा आग्रह धरणाऱ्यांना दोन पैसे जास्त द्यायला माझी कधीच ना नाही.

आता तक्रारी. मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतुकीच्या कागदाच्या, सात प्रती असतात. माती पोचल्याची सही असलेली आमची प्रत मिळवायला फोनवर फोन करावे लागले. ती हातात नसेल तर माती कुठे गेली याचा आपल्याकडे पुरावाच नाही, तेव्हा ही दिरंगाई मला क्षुल्लक वाटत नाही. दुसरं, सगळे अहवाल इंग्रजीत. विहिरीचं पाणीही तपासलं होतं. विहीरवाले तात्या येऊन म्हणाले, "पोरी, आकडं ऱ्हाऊ दे, पाणी प्यायचं का नाही तेवढं सांग." फर्मने मराठीत एक पान करून दिलं, पाणी चांगलं असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं, पण ते मागावं लागलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. दरपत्रक घेताना पावसाळ्यात ढीग झाकायचा खर्च कोणाचा आणि खड्डा भरायला मुरूम कोण आणणार, हे लेखी घ्या. आमच्या दरपत्रकात दोन्ही नव्हतं, आणि ते बिल वेगळं आलं.