ठाण्याच्या पावसात पिनलॉक

हेल्मेटच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून तिला आतून बसवायची पिनलॉकची पारदर्शक पट्टी घ्यावी का, असे ठाण्यात किंवा नवी मुंबईत रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्या कोणी विचारले, तर माझे उत्तर ‘घ्यावी’ असेच आहे. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात ती कुठे पुरी पडते आणि कुठे तिच्यावर भिस्त ठेवू नये, हे पैसे मोजण्याआधी ठाऊक असलेले बरे, कारण दुकानात यातली पहिली बाजूच रंगवून सांगितली जाते.

जुलैमध्ये कळवा नाक्यावरून विटाव्याकडे आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, घणसोली असे जाताना पुढे कंटेनर आणि मागे बस अशी गाडी एकदा अडकली, की चार-सहा श्वासांतच समोरचे सगळे पांढरे होते. श्वासाची हवा साधारण ३४ अंश सेल्सियस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असते, तर पावसाच्या धारेखाली असलेली काच तिच्याहून बरीच थंड असते; त्यामुळे त्या बाष्पाचे बारीक थेंब काचेवर धरतात आणि प्रकाश विखुरतो. थंड प्रदेशात यावर उपाय सोपा असतो, कारण हेल्मेटची हवा आत घेणारी झडप उघडली की बाहेरची कोरडी हवा आत येऊन काच पुसल्यासारखी स्वच्छ होते. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या हवेचाच दवबिंदू (बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान) २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे झडपेतून येणारी हवाही ओलीच असते. पाम बीच रस्त्यावर वेगात असताना झडपेचा उपयोग होतो, सिग्नलला उभे राहिल्यावर होत नाही आणि काच बोटभर उघडावी तर पावसाचे पाणी थेट डोळ्यांत येते. हनुवटीखालचा कापडी पडदा, जो थंडीत गारवा अडवण्यासाठी असतो, तो या दिवसांत काढून ठेवलेलाच बरा. तो खालून येणारी उरलीसुरली हवाही अडवतो.

भांडी घासायच्या साबणाचा पातळ हात, दाढीचा फेस किंवा बाजारात मिळणारे फवारे हे सगळे उपाय एकाच तत्त्वावर चालतात. काचेवर साबणासारखा थर बसला की बाष्पाचे सुटे थेंब न होता त्याचा सलग पातळ पापुद्रा होतो आणि त्यातून आरपार दिसते. हा थर एखाद-दोन फेऱ्या टिकतो. घाम, ओले बोट किंवा रुमाल लागला की गेला. तातडीच्या वेळी साबण वाईट नाही, पण रोज सकाळी तो लावत बसणे कोणाला जमते?

पिनलॉक ही मूळची नेदरलँड्सची कंपनी आहे आणि तिच्या पट्टीची करामत दुहेरी आहे. पट्टीच्या कडेने सिलिकॉनची बारीक, उंचवट्याची रेघ फिरवलेली असते. ती काचेला टेकली की काच आणि पट्टी यांच्यामध्ये हवेचा बंदिस्त थर तयार होतो आणि बाहेरच्या काचेचा गारवा आतल्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही. शिवाय पट्टीचे द्रव्य स्वतः ओलावा शोषून घेते, त्यामुळे श्वासातले बाष्प तिच्यावर थेंबांच्या रूपात उभे राहत नाही. पहिला भाग थंडीत अधिक कामाचा, दुसरा आपल्या पावसात.

या वस्तूचे निम्मे यश मात्र ती कशी बसवली आहे यावर अवलंबून असते. काचेच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या लहान पिना असतात आणि पट्टीच्या टोकांना त्यांच्यासाठी खाचा असतात. काच हातांनी ताणून थोडी सपाट करायची, पट्टी पिनांच्या मध्ये ठेवायची आणि काच सोडून द्यायची, की पट्टी ताणली जाऊन जागच्या जागी बसते. या पिना बहुधा मध्यापासून सरकलेल्या असतात, म्हणजे त्या फिरवून पट्टीचा ताण कमी-जास्त करता येतो, आणि नेमके हेच बहुतेक ठिकाणी केले जात नाही. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात माझी पट्टी दोन मिनिटांत ‘बसवून’ मिळाली; घरी दिव्यासमोर काच धरली, तेव्हा सिलिकॉनची रेघ उजव्या वरच्या कोपऱ्यात दोन बोटांएवढी सुटलेली दिसली. तिथून ओली हवा मधल्या पोकळीत शिरते आणि मग वाफ दोन पृष्ठभागांच्या मध्येच धरते, जिथे बोटही पोहोचत नाही. दोन्ही पिना थोड्या थोड्या फिरवल्यावर रेघ सगळीकडे सलग टेकली आणि तक्रार मिटली. ताण नको तितका वाढवला तर सिलिकॉन दबून खराब होते, म्हणून रेघ टेकली की थांबावे. चेहऱ्याकडच्या बाजूचा संरक्षक पापुद्रा सगळ्यात शेवटी काढावा, नाहीतर बसवतानाच बोटांचे ठसे उमटतात.

आता तिची मर्यादा. जे द्रव्य ओलावा शोषते, ते कधीतरी भरतेच. तासाभराच्या कोंडीत, तोंडाने श्वास घेत बसलेल्या माणसाच्या हेल्मेटमध्ये नाकासमोरच्या भागात पट्टीही धूसर होऊ लागते, आणि एकदा पूर्ण भिजलेली पट्टी सुकल्याशिवाय पुन्हा तितके काम देत नाही. कोरड्या हवेच्या शहरात ती रात्रभरात आपोआप सुकते. खाडीकाठच्या आपल्या इमारतींमध्ये, जिथे जुलैत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, तिथे हेल्मेट काच बंद करून जिन्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवले तर सकाळी पट्टी ओलीच मिळणार. घरी आल्यावर काच पूर्ण उघडून हेल्मेट पंख्याखाली ठेवणे एवढे पुरते. आतले अस्तर निघत असेल तर तेही काढून ठेवावे, कारण ओल्या अस्तराचे बाष्पही शेवटी काचेवरच येते. झटपट सुकवण्यासाठी केस वाळवण्याचा गरम झोत वापरू नये.

पुसण्याच्या बाबतीत पट्टी काचेपेक्षा नाजूक असते. कोरड्या फडक्याने घासली की तिच्यावर केसासारखे ओरखडे येतात. ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन मऊ कापडाने हलकेच टिपावी आणि वाऱ्यावर सुकू द्यावी. खिडक्यांच्या काचा पुसायचे अमोनियायुक्त द्रव, पेट्रोल किंवा थिनर यांपासून पट्टी आणि पॉलिकार्बोनेटची काच दोन्ही दूर ठेवाव्यात.

रात्री समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांच्या फिकट दुहेरी प्रतिमा दिसतात, कारण नजर दोन पृष्ठभागांतून जाते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या बाजूला, जिथे दिवे कमी आणि ट्रक जास्त, हे विशेष जाणवते. काही दिवसांत डोळे सरावतात, पण ज्यांना मुळातच रात्रीच्या दिव्यांचा त्रास होतो त्यांनी आधी एखाद्या मित्राच्या हेल्मेटमधून रात्री पाहून घ्यावे. चष्मा लावणाऱ्यांच्या अपेक्षेलाही आवर घालावा लागेल: पट्टी काच स्वच्छ ठेवते, चष्म्याची भिंगे नव्हे. त्यांच्यासाठी नाकावर बसणारे, श्वास खाली वळवणारे आवरण तितकेच गरजेचे आहे. बाहेरच्या बाजूने काचेवर धावणाऱ्या पावसाशीही पिनलॉकचा काही संबंध नाही.

पट्ट्या ३०, ७० आणि १२० अशा क्रमांकांत येतात; आकडा मोठा तितकी वाफेला तोंड देण्याची क्षमता अधिक. हा आकडा म्हणजे रस्त्यावरची मिनिटे नव्हेत. रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला ७० पुरेशी आहे असे माझे मत आहे. शनिवार-रविवारी भर पावसात माळशेजकडे जाणाऱ्यांनी, आपल्या काचेसाठी मिळत असेल तर, १२० घ्यावी. ३० ही फुकट मिळाली तर चांगली, वेगळे पैसे देऊन घेण्याजोगी मला वाटत नाही.

पट्टी मुळात काचेच्या मॉडेलनुसार मिळते, हेल्मेटच्या आकारानुसार नव्हे, आणि काचेवर पिना नसतील तर ती बसतच नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही, पण ते चिन्ह आणि या पिना यांचा परस्परांशी संबंध नाही. चिन्ह असलेल्या असंख्य हेल्मेटांच्या काचांवर पिना नसतात. ओरखडे पडलेली काच बदलायची वेळ येते, तेव्हा त्याच हेल्मेटची बिनपिनांची स्वस्त काच पुढे केली जाते, म्हणून काउंटरवरच तिची दोन्ही टोके पाहून घ्यावीत आणि जुनी पट्टी सोबत नेऊन तिथेच बसवून पाहावी.