नऊ महिने, रोज एक स्तोत्र: चिंतेच्या आजारात मराठी बायबल वापरून पाहिल्याचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, आजार गेलेला नाही. गोळी अजून चालू आहे, पण अर्धी. 'बायबल उघडलं आणि त्याच रात्री शांत झोप लागली' अशी साक्ष ज्यांना हवी असेल त्यांना माझं हे लिहिणं फिकं वाटेल.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो आणि शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, त्यामुळं बायबल घरात होतंच. आजोबांचं, काळ्या पुठ्ठ्याचं. ते २०१९ च्या पुरात बुडालं. त्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. आम्ही टीव्ही माडीवर नेला, गॅसची टाकी नेली, तांदळाचं पोतं नेलं आणि खालच्या कपाटातलं पुस्तक विसरलो. पाणी उतरल्यावर ते फुगून विटेएवढं झालेलं. गच्चीवर वाळत घातलं, पण पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. मधला स्तोत्रांचा भाग तेवढा सुटला. त्यात कडेला आजोबांनी पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं दिसलं, पण तेव्हा चिखल काढायचा होता. कोण वाचत बसतंय.

२०२१ ला परत पाणी आलं. त्यानंतर माझं जे सुरू झालं त्याला बरीच वर्षं मी आजार म्हणतच नव्हतो. जून लागला की मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. कोल्हापुरात हे वेगळं दिसत नाही, कारण "पाणी कितीवर हाय?" हा आमच्याकडं पावसाळ्यातला रामरामच आहे. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे पोरंटोरंही सांगतील. मी मात्र २२ फुटांनाच उठून बसायचो. रात्री दोनला, तीनला. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडल्याची बातमी आली की माझं पोट बिघडायचं. पुढं पुढं तर पाऊस नसतानाही तेच. ट्रक वेळेत पोचेल का, मुलीची फी, आईचा गुडघा, सगळ्याला पुराचीच धडधड.

गेल्या जुलैत एका रात्री छातीत कळ आली, हातपाय गार पडले. बायकोनं रिक्षा थांबवून दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला निघाला. "हृदय ठणठणीत आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा," असं सांगून घरी पाठवलं. दाखवलं. अँग्झायटी. गोळ्या मिळाल्या, आणि झोपायच्या आधी तासभर मोबाइल लांब ठेवायचा असं पथ्य. तो तास खायला उठायचा. म्हणून बायबल. इतकी साधी सुरुवात आहे, त्यात दर्शन वगैरे काही नाही.

पण पहिले दोन महिने मी ते चुकीचंच वापरलं, आणि ही चूक बरेच जण करत असावेत म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोबाइल लांब ठेवायचा असताना मी मोबाइलवरच एक फुकटचं बायबल ॲप घेतलं. सकाळी 'आजचं वचन' यायचं, मागं सूर्योदयाचं चित्र. फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचन ६: 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका'. एवढंच. चिंतेच्या माणसाला चिंता करू नको म्हणणं म्हणजे उचकी लागलेल्याला उचकी देऊ नको म्हणण्यासारखं. वर ते ॲप सलग किती दिवस वाचलं ते मोजतं. सत्तावीस दिवस झाले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ऑडिटच्या गडबडीत राहिलं. आकडा शून्य. त्या रात्री मला देवाची नाही, त्या शून्याची भीती वाटली. पंचगंगेच्या पातळीच्या जागी मी दुसरी पातळी बघायला लागलो होतो, एवढाच फरक. ॲप काढून टाकलं.

मग छापील घेतलं. बायबल सोसायटीचं, जुन्या भाषेतलं, मोठ्या टाइपाचं, चेनच्या कव्हरचं. सोप्या मराठीतलीही एक आवृत्ती चाळली होती. अर्थ पटकन कळतो हे खरं, पण मला ती सरकारी परिपत्रकासारखी वाटली. जुनीत 'ह्यास्तव' आहे, 'तथापि' आहे. आजोबा जेवणाआधी प्रार्थना करायचे तो आवाज त्यात येतो. ज्यांच्या घरात ही भाषा कधी नव्हती त्यांनी सोपी घ्यावी, यात हुज्जत घालण्यासारखं काही नाही. शेवटी पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल नव्यानं मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच, आणि १९२२ साली जाईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.

आता खरं काय उपयोगी पडलं ते.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आहेत. त्यांना सगळं सांगितल्यावर मला वाटलं ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. ती त्यांनी केलीच, पण आधी म्हणाले, "तू ते चिंता करू नका वालं सध्या बाजूला ठेव. स्तोत्रं वाच. रोज एक, मोठ्यानं, आणि आवडलं नाही तरी पूर्ण." एकूण १५०. काही पाच-सहा ओळींची, ११९ वं तर १७६ वचनांचं. ते मी चार रात्रींत केलं, नियम मोडून.

मला स्तोत्रं म्हणजे 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढंच पाठ. नाताळच्या कार्यक्रमात म्हणायचं. रोज वाचायला लागल्यावर कळलं की यात तक्रारीच किती आहेत. किती वेळ, परमेश्वरा? का झोपलास? माझी हाडं ठणकतात, माझी उशी भिजली. आणि एका रात्री ६९ वं आलं. पाणी माझ्या गळ्याशी आलंय, असंच सुरू होतं ते. खोल चिखलात रुतलोय, पाय ठरत नाही, हाका मारून घसा कोरडा पडलाय. मी वाचता वाचता थांबलो आणि बायकोला म्हणालो, "अगं, हा माणूस आपल्या गल्लीतला दिसतोय."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून आजोबांचं ते फुगलेलं पुस्तक काढलं. ६९ व्या स्तोत्राच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं: '२००५, पाणी.' बस. २००५ च्या पुरात आम्हाला धीर देत फिरणारे आजोबा, ज्यांना कशाचीच भीती वाटत नाही असं मी धरून चाललो होतो, रात्री हे वाचत होते. त्या दोन शब्दांनी जो आधार दिला तो कुठल्याही उपदेशानं दिला नव्हता.

फिलिप्पैकरांसकडं मी परत गेलो ते पाचव्या महिन्यात, आणि पाळकसाहेबांनी तिथं एक गंमत दाखवली. चिंता करू नका हे लिहिणारा येशूचा प्रेषित पौल तेव्हा बेड्यांत होता, हे ऐकून होतो. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो आपल्या तरुण सोबत्याचं, तीमथ्याचं, कौतुक करतो की हा तुमची खरी काळजी करेल, आणि मूळ ग्रीकमध्ये तिथं तेच क्रियापद आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तर तो आपल्याला रोज सतावणाऱ्या चिंतेबद्दल सरळ बोलतो, सगळ्या मंडळ्यांच्या, म्हणजे तेव्हाच्या चर्चच्या; शब्द त्याच धातूचा. म्हणजे चिंता वाटणं हा गुन्हा असता तर पौल पहिला आरोपी. पुढचं सातवं वचन तर मी इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं: देवाची शांती तुमची अंतःकरणं 'राखील'. मूळ शब्द पहाऱ्याचा आहे, चौकीदाराचा. मला ऊस राखायला रात्री शेतावर झोपणारे माझे मामा आठवले. डुक्कर येणारच नाही असं ते कधी म्हणाले नाहीत. फक्त जागे असायचे.

गोळ्यांवरून नात्यातल्या एका काकांनी बरंच ऐकवलं. "बायबल पण वाचतोस आणि गोळ्या पण खातोस? विश्वास कमी पडतोय." तेव्हा गप्प बसलो, कारण वडीलधाऱ्यांना उलट बोलायची आमच्यात पद्धत नाही. उत्तर पंधरा दिवसांनी सापडलं. पौलाबरोबर लूक होता आणि त्याला तो 'प्रिय वैद्य' म्हणतो. तीमथ्याचं पोट बिघडायचं तर त्याला 'नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे' असं लिहितो; उपास कर म्हणत नाही. त्याहून मला आवडते ती एलीयाची गोष्ट, १ राजे, अध्याय १९. एवढा मोठा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो, ऊठ, खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत परत तेच करतो. वाट दूरची आहे, म्हणतो. माझ्या डॉक्टरांनीही पहिल्या भेटीत झोप आणि जेवण हेच दोन प्रश्न विचारले होते.

तोटेही आहेत. वेचून वाचलं तर हे पुस्तक चिंताग्रस्ताला छळू शकतं. शापाची, न्यायाची वचनं रात्री एकट्यानं उघडू नयेत. मी उघडली, दोन रात्री गेल्या. झटका येऊन श्वास अडकलेला असताना वाचन होतच नाही, अक्षरं हलतात. त्या वेळी एकच ओळ कामाला येते, तीही आधी पाठ असेल तर. माझी ५६ व्या स्तोत्रातली आहे: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. 'वाटली तर' नाही, 'वाटेल तेव्हा'. श्वास घेताना पहिला अर्धा, सोडताना दुसरा. आणि खूपच खाली गेलात, जीव नकोसा झाला, तर पुस्तक बाजूला ठेवून माणसाला फोन करा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सातव्या महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुन्हा मागं गेलो. चार रात्री झोप नाही. त्या आठवड्यात क्रमानं ८८ वं आलं. हे एक स्तोत्र असं आहे की ज्याला शेवटी उजेड नाही, अंधारावरच संपतं. बाकीच्या बहुतेकांत निदान शेवटची ओळ तरी सावरून घेते. मला ते आवडलं असं म्हणवत नाही. पण दवाखान्याच्या बाकावर ते वाचताना मला खोटं काही म्हणावं लागलं नाही.

कामावरच्या मित्राला, पक्का वारकरी आहे, हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आमची आई रोज हरिपाठ म्हणती. चुकला तर दुसऱ्या दिवशी म्हणती. तू आकडं कशाला मोजतोस?" त्याला ॲपची गोष्ट मी सांगितली नव्हती.

आत्ता एप्रिल आहे, नदी तळाला गेलीय. पातळी बघणं मी बंद केलेलं नाही, पण बायकोशी ठरवलंय: ३९ ला कागदपत्रांची पेटी माडीवर, ४३ ला आम्ही बहिणीकडं कसब्यात. त्याच्या खाली मोबाइल बघायचा नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो त्यातला 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे' हा तुकडा मी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. जूनमध्ये हे किती टिकतंय ते टिकल्यावर लिहीन.

पुस्तकाबद्दल: कागद पातळ आहे, मागचं अक्षर दिसतं, पेन्सिल वापरा, पेन नको. मोठा टाइप रात्रीच्या दिव्यातही वाचता येतो. कव्हरची चेन तिसऱ्या महिन्यात गेली. लक्ष्मीपुरीत बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून नवी बसवून घेतली, ती अजून चालते. आणि हे पुस्तक खालच्या कपाटात नाही, माडीवर ठेवतो.