लहान नॉनस्टिक पॅन : अडीच वर्षांच्या वापरानंतर

आमच्याकडे सकाळी डब्याच्या वेळेला प्रत्येकाचे वेगळे असते. एकाला ऑम्लेट हवे असते, एकाला घावन, तर कोणाला भाजणीचे एखादे लहानसे थालीपीठ. अशा एकेका पदार्थासाठी मोठा तवा तापवत बसणे नको वाटते, म्हणून अडीच वर्षांपूर्वी मी पुण्याच्या तुळशीबागेतल्या एका भांड्यांच्या दुकानातून २० सेंटिमीटरचा नॉनस्टिक पॅन घेतला. त्याच्या आधीचा, जवळजवळ तसाच दिसणारा पॅन आठ महिन्यांत निकामी झाला होता. दोन्ही मीच वापरले, त्यामुळे एक का टिकला आणि दुसरा का टिकला नाही, हे मला अनुभवावरून सांगता येते.

२० सेंटिमीटर हे माप वरच्या काठाचे असते, हे घेताना लक्षात ठेवावे. कडा उतरत्या असल्यामुळे माझ्या पॅनचा सपाट तळ जेमतेम १४ सेंटिमीटर भरतो. त्यात दोन अंड्यांचे ऑम्लेट नेमके बसते, तिसरे अंडे घातले की ते जाड होऊन मधे ओलसर राहते. तळ चांगला जाड आहे आणि अडीच वर्षांत तो फुगलेला नाही. आधीच्या पॅनचा तळ मात्र मधोमध वर आला होता आणि तेल सगळे कडेला जमत असे. या पॅनचा एक दोष सांगितला पाहिजे. दांडा जड असल्यामुळे रिकामा पॅन शेगडीच्या जाळीवर मागे कलतो. लहान बर्नरवर जाळीचे दात जवळ असतात, तिथे हा त्रास कमी होतो.

लहान बर्नर या पॅनसाठी दुसऱ्याही, अधिक महत्त्वाच्या कारणाने योग्य आहे. पहिला पॅन मी घाईत नेहमी मोठ्या बर्नरवर ठेवत असे, आणि त्याची ज्योत तळाबाहेर येऊन कडांना लागत असे. तळावर अंडे किंवा पीठ असते, ते उष्णता ओढून घेते. कडा मात्र रिकाम्या असतात आणि तिथला लेप नुसताच तापत राहतो. काही महिन्यांत त्या पॅनच्या उतारावर तपकिरी कडे उमटले आणि घावन सर्वांत आधी तिथेच चिकटू लागले. आताचा पॅन एकदाही मोठ्या बर्नरवर चढलेला नाही, आणि त्याच्या कडा अजून काळ्या, एकसारख्या आहेत.

हा लेप म्हणजे बहुतेक वेळा टेफ्लॉन, आणि तो साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंतच सुरक्षित मानला जातो. त्यापुढे तो हळूहळू खराब होऊ लागतो आणि ३५० अंशांच्या आसपास त्यातून घातक वाफा निघतात. ऑम्लेट, घावन, थालीपीठ यांना एवढी उष्णता कधीच लागत नाही, पण मोठ्या आचेवर ठेवलेला रिकामा पॅन काही मिनिटांतच ती मर्यादा ओलांडतो. म्हणून मी गार पॅनमध्येच अर्धा चमचा तेल घालते आणि मगच गॅस लावते. तेलातून धूर येऊ लागला तर आच फार झाली, हे लगेच कळते. या वाफांनी पिंजऱ्यातले पक्षी दगावू शकतात, म्हणून ज्यांच्या घरी पोपट किंवा लव्हबर्ड आहेत त्यांनी पिंजरा स्वयंपाकघरात अजिबात ठेवू नये. खमंग फोडणीसाठीही हा पॅन वापरू नये; त्यासाठी लोखंडी पळी आहे.

थालीपीठ मात्र या पॅनमध्ये फार सुरेख होते. ओल्या फडक्यावर थापून, मधे बोटाने भोक पाडून ते अलगद सोडावे, भोकात व कडेने थेंब थेंब तेल सोडून झाकण ठेवावे आणि आच मंद ठेवावी. पहिली वाफ दाटली की झाकण काढून दांडा हलका हलवून पाहावा. थालीपीठ पॅनमध्ये अख्खे फिरले म्हणजे खालची बाजू झाली. फिरले नाही तर उलथणे आत घालायची घाई करू नये. उलथणे लाकडी किंवा सिलिकॉनचेच असावे.

धुण्याच्या बाबतीत माझी जुनी चूक अशी की पॅन उतरवला की तसाच नळाखाली धरायचा आणि चर्र आवाज ऐकायचा. यात चूक काय, हे कळायला आधी काहीही न चिकटणारा हा लेप मुळात पॅनच्या अ‍ॅल्युमिनियमला तरी कसा चिकटतो, हे पाहावे लागते. १९३८ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन सापडल्यावर तो स्वयंपाकाच्या भांड्यावर बसवायला फ्रान्समधील अभियंता मार्क ग्रेग्वार यांच्या १९५४ मधल्या प्रयत्नांपर्यंत वाट पाहावी लागली. धातूचा पृष्ठभाग आधी खरखरीत करून त्याच्या बारीक खाचांत लेप रुतवावा लागतो. तापल्यावर आणि निवल्यावर धातू व लेप सारख्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे वारंवारच्या एकदम गार पाण्याने ही पकड सैल होते. आता पॅन निवल्यावर कोमट पाण्यात, मऊ स्पंजने मीच धुते. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मी पहिल्या पॅनबद्दल काही सांगितलेच नव्हते, आणि तारेच्या घासणीने त्याचा लेप ओरखडला गेला. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. कडेला तेलाचा पिवळसर चिकट थर साचला तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावते, पंधरा मिनिटांनी मऊ फडक्याने पुसते. ठेवताना वर दुसरे भांडे येणार असेल तर मधे सुती फडके घालते.

खोक्यावरच्या 'पीएफओए-मुक्त' या शब्दांचा अर्थ एवढाच की लेप तयार करताना ते एक रसायन वापरलेले नाही. लेप टेफ्लॉनचा नाही असा त्याचा अर्थ होत नाही. सिरॅमिकचा लेप अधिक उष्णता सोसतो, पण त्याचा निसरडेपणा सहसा लवकर जातो.

गेल्या महिन्यापासून माझ्या पॅनच्या मधोमध रुपयाएवढ्या जागी अंडे किंचित धरू लागले आहे. अजून थालीपीठ आणि घावन नीट सुटतात, म्हणून दिवाळीपर्यंत तो वापरीन. नंतर पुन्हा २० सेंटिमीटरचाच, जाड तळाचा घेईन, आणि या वेळी दांडा हलका आहे की नाही हे दुकानातच पॅन सपाट फळीवर ठेवून पाहीन.