हरिकेन ट्रॅकर अ‍ॅप: मॅप भारी, माहिती अर्धवट

महिनाभर वापरतोय. मॅप एक नंबर, समुद्राचं तापमान रंगात दिसतं, साधारण 26.5 अंशांच्या वर पाणी तापलं की वादळाला कसं खाद्य मिळतं ते बघता बघता कळतं. पण ग्लोबल वॉर्मिंगच्या सेक्शनमध्ये बिनधास्त लिहिलंय की वादळांची संख्या वाढतेय, अहो एकूण आकड्याचं तसं ठामपणे म्हणता येत नाही, वाढतंय ते जोरदार वादळांचं प्रमाण, आणि हवा 1 अंशाने तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते म्हणून पाऊस बेफाम. 2017 चं हार्वे वादळ आठवा, वारा मंदावल्यावर पावसानेच अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर बुडवलं. वादळाची कॅटेगरी (1 ते 5) फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते हेही कुठे सांगितलेलं नाही. नोटिफिकेशन्स तर वैताग. 3 स्टार, तेही मॅपचे.