ओपीए 847 वर बांधलेला होमोडाइन डिटेक्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

795 नॅनोमीटरच्या स्क्वीझ्ड प्रकाशासाठी (म्हणजे ज्याचा क्वांटम नॉइज नेहमीपेक्षा खाली दाबलाय अशा प्रकाशासाठी) प्रयोगशाळेतच बांधलेला हा डिटेक्टर आता रोज वापरात आहे. होमोडाइन म्हणजे मोजायचा प्रकाश लोकल ऑसिलेटर नावाच्या तेजस्वी लेझर किरणात मिसळायचा, दोन किरणांत वाटायचा आणि त्यांचा फरक मोजायचा. सिलिकॉनचे दोन पिन फोटोडायोड एकापाठोपाठ जोडलेत. दोन्ही प्रवाहांची वजाबाकी मधल्या टोकावरच होते आणि उरलेला फरक ओपीए 847 ऑप-अँप (अँप्लिफायरची चिप) व 4 किलोओमच्या फीडबॅक रेझिस्टरमुळे व्होल्टेज होऊन बाहेर येतो. बँडविड्थ 100 मेगाहर्ट्झच्या थोडी वर.

पण नुसत्या बँडविड्थवर जाऊ नका, हे कळकळीनं सांगतो. शॉट नॉइज (प्रकाश सुट्या फोटॉनांनी येतो म्हणून होणारा मूळ नॉइज) इलेक्ट्रॉनिक नॉइजच्या किती वर आहे, ते प्रत्येक फ्रिक्वेन्सीला तपासा. एकूण 5 मिलिअँपिअर प्रवाहाला शॉट नॉइज 40 पिकोअँपिअर प्रति रूट-हर्ट्झ असतो. खालच्या फ्रिक्वेन्सीला हे अंतर 20 डेसिबलच्या वर मिळतं, 100 मेगाहर्ट्झला मात्र 16 च्या आसपास उतरतं. ऑप-अँपचा व्होल्टेज नॉइज इनपुटवरच्या कॅपॅसिटन्सवर पडून प्रवाहाचा नॉइज होतो आणि फ्रिक्वेन्सीबरोबर वाढत जातो. दोन डायोड आणि ऑप-अँप मिळून इथे साधारण 10 पिकोफॅरड आहेत. ही कॅपॅसिटन्स कमी ठेवायला डायोडला पुरेसा रिव्हर्स बायस (उलट दिशेचा व्होल्टेज) द्या आणि इनपुटखालचा ग्राउंड प्लेन काढून टाका. महागड्या ऑप-अँपपेक्षा यानंच जास्त पदरात पडतं.

शॉट आणि इलेक्ट्रॉनिक नॉइजमधलं अंतर 20 डेसिबल असेल तर 1 टक्का प्रकाश वाया गेल्यासारखं, 10 असेल तर 10 टक्के. हॅनोव्हरमध्ये 2016 साली 15 डेसिबल स्क्वीझिंग मोजलं गेलं; तिथवर जायचं तर वाया जाणारा सगळा प्रकाश मिळून 3 टक्क्यांच्या आत बसवावी लागते.

दोन डायोडवरच्या प्रकाशाचा समतोल रोज सकाळी हाफ-वेव्ह प्लेट (प्रकाशाचं ध्रुवीकरण वळवणारी काच) फिरवून साधावा लागतो. दोन्ही किरणांच्या वाटेत 1 सेंटिमीटरचा फरक राहिला तरी 100 मेगाहर्ट्झला कॉमन-मोड रिजेक्शन (दोन्हीकडे सारखा असलेला नॉइज वजाबाकीत किती दबतो ते) 34 डेसिबलच्या पुढे जात नाही, म्हणून वाटा फूटपट्टी लावून जुळवा. मग लोकल ऑसिलेटरची पॉवर दुप्पट करा: नॉइज 3 डेसिबल वाढला तर तो शॉट नॉइज. 6 वाढला तर लेझरचाच नॉइज गळतोय.

सलग लेझरच्या प्रयोगांना हा डिटेक्टर निःशंक घ्यावा. 80 मेगाहर्ट्झच्या पल्स लेझरला, प्रत्येक पल्स वेगळी मोजायची असेल तर, एका पल्सचं शेपूट पुढचीत मिसळत नाही ना, ते आधी तपासा.